कॉर्नरबॅकच्या जागेवरून रचलेला बचाव : डिक लेबो यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९५९ ते २०१७ असे सलग ५९ हंगाम एक माणूस मैदानावर किंवा मैदानाच्या कडेला हजर होता. पहिले १४ हंगाम खेळाडू म्हणून आणि पुढचे ४५ प्रशिक्षक म्हणून. चार्ल्स रिचर्ड लेबो, म्हणजे सर्वांचे डिक लेबो, यांच्या नावावरचा हा आकडा थक्क करणारा असला तरी प्रकरण अभ्यासासाठी त्यांची निवड केली आहे ती त्या आकड्यासाठी नव्हे. बचावफळीत खेळलेल्या माणसाने पुढे प्रशिक्षक होणे ही या खेळात नवलाची गोष्ट नाही. टोनी डंजी, बिल काउअर, रॉन रिव्हेरा, माइक व्ह्रेबल, डेमिको रायन्स अशी नावे सहज सांगता येतात. मात्र अशा माणसाने खेळाडूपणातून प्रशिक्षकपदावर नेमके काय नेले, असे विचारले तर उत्तर बहुधा शिस्त, अनुभव आणि खेळाडूंमधला दरारा या मोघम शब्दांपाशी थांबते. लेबो यांच्या बाबतीत तसे होत नाही. एका ठरावीक जागेवर खेळताना वर्षानुवर्षे सोसलेली अडचण कोणती, तिच्यावर त्यांनी पुढे काढलेला तोडगा कोणता, तो कुठे चालला आणि कुठे उघडा पडला, हे त्यांच्या कारकिर्दीत बोट ठेवून दाखवता येते.

टोकाची जागा

ती जागा कॉर्नरबॅकची. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या ११ खेळाडूंपैकी दोघे मैदानाच्या दोन टोकांना, सर्वांत वेगवान प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे असतात. समोरचा रिसिव्हर, म्हणजे पास झेलणारा, कुठे वळणार हे त्याला आणि चेंडू फेकणाऱ्या त्याच्या क्वार्टरबॅकला आधीच माहीत असते, कॉर्नरबॅकला मात्र ते धावता धावता ओळखावे लागते. त्यातून त्याच्याच संघाच्या प्रशिक्षकाने ब्लिट्झचा आदेश दिला, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाण्यासाठी नेहमीच्या चौघांखेरीज आणखी माणसे सोडली, की मागे मदतीला कोणी उरत नाही. ब्लिट्झ यशस्वी झाली तर टाळ्या धावून गेलेल्याला मिळतात. ती फसली तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एकटा कॉर्नरबॅक दिसतो, रिसिव्हरच्या पाठीमागे दोन पावले.

लेबो यांचा जन्म ९ सप्टेंबर १९३७ रोजी ओहायो राज्यातल्या लंडन या गावी झाला. ओहायो स्टेट विद्यापीठात वुडी हेज यांच्या हाताखाली ते खेळले आणि १९५७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होते. १९५९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या फेरीत क्लीव्हलंड ब्राउन्सने त्यांना निवडले, परंतु सराव शिबिरातच प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी त्यांना वगळले. ओहायोतच वाढलेल्या मुलाला ओहायोतल्याच संघाने दार दाखवावे, हा धक्का लहान नव्हता. डेट्रॉइट लायन्सने त्यांना घेतले आणि १९७२ च्या हंगामापर्यंत ते तिथून हलले नाहीत.

त्या १४ हंगामांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांचे ६२ पास मध्येच झेलले. निवृत्तीच्या वेळी त्यांच्यापुढे फक्त एमलेन टनेल आणि डिक ‘नाइट ट्रेन’ लेन हे दोघेच होते. सलग १७१ सामने न चुकता खेळण्याचा कॉर्नरबॅकसाठीचा विक्रमही त्यांनी केला. १९६४ ते १९६६ अशी तीन वर्षे प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, त्यांची निवड झाली. या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट सहसा निसटते. १९६० पासून काही वर्षे त्यांच्या विरुद्ध टोकाला स्वतः नाइट ट्रेन लेन उभे असत आणि १९६७ पासून लेम बार्नी. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेले. शहाणा क्वार्टरबॅक अशा वेळी चेंडू कोणत्या बाजूला फेकेल हे सांगायला नको. ६२ मधला काही वाटा या सततच्या माऱ्याचा आहे असे मानायला जागा आहे, आणि तोच मारा त्यांची खरी शाळा ठरला असावा असे माझे मत आहे.

डेट्रॉइटचा त्या काळचा बचाव जबरदस्त होता. १९६२ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी त्यांनी ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याला पुन्हा पुन्हा जमिनीवर लोळवले आणि सामना २६-१४ असा जिंकला. त्या हंगामात विजेतेपद मिळवणाऱ्या पॅकर्सचा तो एकमेव पराभव. तरीही लेबो यांच्या १४ वर्षांत लायन्सच्या वाट्याला खऱ्या अर्थाने प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, एकच सामना आला, डिसेंबर १९७० मध्ये डॅलस काउबॉइजविरुद्ध, आणि तो लायन्सने ५-० असा गमावला. बचावाने एकही टचडाउन होऊ दिला नाही, म्हणजे चेंडू आपल्या गोलरेषेपलीकडे जाऊ दिला नाही, आणि तरी हंगाम संपला.

सुरक्षित दबाव

१९७३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्यांना स्पेशल टीम्सचे, म्हणजे चेंडूला किक मारण्याच्या डावांसाठीच्या तुकड्यांचे, प्रशिक्षक नेमले. १९७६ पासून चार वर्षे ते ग्रीन बेला मागच्या फळीचे प्रशिक्षक होते आणि तिथे त्यांचे मुख्य प्रशिक्षक होते बार्ट स्टार. १९८० मध्ये ते सिनसिनाटी बेंगॉल्सकडे गेले. त्या संघाचे संस्थापक होते पॉल ब्राउन, ज्यांनी २१ वर्षांपूर्वी त्यांना वगळले होते.

त्या सुमारास खेळाचे पारडे आक्रमणाच्या बाजूला झुकले होते. १९७८ मध्ये नियम बदलले. रिसिव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्का देणे बंद झाले आणि आक्रमणाच्या लाइनमनना, म्हणजे पुढच्या रांगेतल्या धिप्पाड खेळाडूंना, हात पसरून अडवण्याची मुभा मिळाली. लेबो खेळत असताना कॉर्नरबॅककडे जे हत्यार होते, म्हणजे समोरच्याला ठिकठिकाणी धक्के देऊन त्याची लय मोडणे, तेच काढून घेतले गेले. दुसरीकडे बिल वॉल्श यांचे छोट्या, झटपट पासांचे आक्रमण सॅन फ्रान्सिस्कोत बहरत होते. ब्लिट्झ येत आहे असे दिसताच क्वार्टरबॅक तीन पावले मागे सरके आणि धावून येणाऱ्याने जी जागा रिकामी केली तिथेच चेंडू टाकून मोकळा होई. दबाव टाकावा तर मागे भगदाड पडते आणि टाकू नये तर क्वार्टरबॅक निवांत उभा राहतो, असा हा पेच होता. वॉल्श यांनी या पद्धतीची घडण सिनसिनाटीतच, पॉल ब्राउन यांचे सहायक असताना केली होती, आणि तिच्यावरचा एक मोठा उतारा त्याच शहरात तयार झाला.

१९८४ मध्ये सॅम वायच मुख्य प्रशिक्षक झाले आणि लेबो बचाव समन्वयक, म्हणजे बचावाची आखणी करणारे प्रशिक्षक. त्याच काळात ते लुइझियाना स्टेट विद्यापीठात बिल आर्न्सपार्गर यांना भेटायला गेले. आर्न्सपार्गर हे मायामी डॉल्फिन्सच्या १९७२ च्या अपराजित संघाच्या बचावाचे शिल्पकार. तिथे बॉब मॅथसन या लाइनबॅकरला, म्हणजे लाइनमनच्या मागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूला, ते कधी चढाईला सोडत, तर कधी मागे ठेवत. त्यांनी लेबो यांच्यापुढे ‘सुरक्षित दबाव’ ही कल्पना मांडली, म्हणजे क्वार्टरबॅकला घाई करायला लावायची, पण त्यासाठी मागची फळी जुगारावर लावायची नाही. परतीच्या विमानात लेबो यांनी कागदी रुमालांवर आकृत्या काढल्या, असे या भेटीबद्दल नेहमी सांगितले जाते.

त्यातून जी रचना उभी राहिली ती झोन ब्लिट्झ. तिच्यातला एक डाव सावकाश उलगडून पाहू. आक्रमणाचे पाच लाइनमन समोर कोण उभे आहेत ते मोजतात आणि कोणी कोणाला अडवायचे ते ठरवतात. बचावाच्या उजव्या टोकाला एक धिप्पाड लाइनमन एक हात जमिनीवर टेकून बसला आहे, तेव्हा त्याच्यासाठी एक माणूस, कधी दोन, राखून ठेवले जातात. चेंडू मागे दिला जातो आणि तो लाइनमन पुढे झेपावण्याऐवजी दोन पावले टाकून मागे, मधल्या छोट्या पासांच्या पट्ट्यात सरकतो. त्याला अडवायला ठेवलेला माणूस हवेत हात घालून उभा राहतो. त्याच क्षणी डाव्या बाजूने बाहेरचा लाइनबॅकर आणि त्याच्या मागून आतला लाइनबॅकर किंवा सेफ्टी (एरवी सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू) अशी दुहेरी चढाई येते. त्या बाजूला दोघांना अडवायला एकच माणूस उरलेला असतो. धावून जाणारे एकूण पाचच, म्हणजे नेहमीपेक्षा फक्त एक जास्त. मागे सहा जण राहतात आणि तिघे खोल पट्टे, तिघे जवळचे पट्टे राखतात. क्वार्टरबॅकला चढाई दिसते, तो सरावाप्रमाणे मोकळ्या झालेल्या जागेकडे झटकन चेंडू फेकतो आणि त्या जागी सव्वाशे-दीडशे किलोचा लाइनमन उभा असतो. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर क्षेत्ररचना बाउन्सरची लावायची आणि टाकायचा यॉर्कर.

या रचनेत कॉर्नरबॅकचे काय होते तेही पाहायला हवे, कारण प्रशंसकांची नजर बहुधा चढाईवरच खिळलेली असते. कॉर्नरबॅक आता एका माणसामागे जिवाच्या आकांताने धावत नाही. तो आपला खोल पट्टा राखतो, चेहरा क्वार्टरबॅककडे ठेवतो, आतल्या बाजूला सेफ्टीची मदत आहे हे त्याला ठाऊक असते आणि घाईत फेकलेला चेंडू आपल्याकडे येण्याची तो वाट पाहू शकतो. चढाई होते आणि तरी तो एकटा पडत नाही. १४ हंगाम टोकाला काढलेल्या माणसाच्या मनातली मागणीच जणू इथे आकृतीत उतरली आहे. लाइनमन किंवा लाइनबॅकर म्हणून खेळलेल्या प्रशिक्षकाने हीच समस्या सोडवायला घेतली असती, तर त्याने बहुधा आणखी माणसे पुढे पाठवली असती, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

पिट्सबर्ग, पहिल्यांदा

सिनसिनाटीत या रचनेने नाव मिळवले, पण विजेत्यांना मिळणारी अंगठी मिळवून दिली नाही. जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, बेंगॉल्सच्या बचावाने वॉल्श यांच्याच सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सना तीन चतुर्थांश सामन्यात सहा गुणांवर रोखले होते. चौथ्या भागात त्यांचा क्वार्टरबॅक जो मॉन्टाना याचा एक पास बेंगॉल्सच्या कॉर्नरबॅकच्या हातात येऊन निसटला आणि लगेच पुढच्याच डावात टचडाउन झाला. शेवटी १६-१३ अशी आघाडी असताना मॉन्टानाने ९२ यार्डांची मजल मारली आणि ३४ सेकंद बाकी असताना सामना हिरावून नेला. त्यांचा रिसिव्हर जेरी राइस याने त्या दिवशी एकट्याने २१५ यार्ड मिळवले.

१९९२ मध्ये मुख्य प्रशिक्षक बिल काउअर यांनी लेबो यांना पिट्सबर्ग स्टीलर्सकडे नेले. काउअर स्वतः जुने लाइनबॅकर आणि तेव्हा वयाने जेमतेम पस्तिशीचे. डॉम केपर्स बचाव समन्वयक आणि लेबो मागच्या फळीचे प्रशिक्षक. केव्हिन ग्रीन, ग्रेग लॉइड, रॉड वुडसन, कार्नेल लेक असे खेळाडू हाताशी आल्यावर झोन ब्लिट्झला हवे तसे बळ मिळाले. ३-४ ही मांडणी, म्हणजे तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकर, तिला जास्त मानवते, कारण चौघांपैकी कोण येणार आणि कोण मागे राहणार याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. १९९५ मध्ये केपर्स कॅरोलायना पँथर्सचे पहिले मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले आणि लेबो समन्वयक झाले. पहिल्याच सामन्यात वुडसनचा गुडघा गेला. संघाची सुरुवात तीन विजय आणि चार पराभवांनी झाली. मग लेक या सेफ्टीला कॉर्नरबॅकच्या जागी हलवण्यात आले, सलग आठ सामने जिंकले गेले आणि संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. तिथे काउबॉइजच्या एमिट स्मिथला १८ धावांमध्ये ४९ यार्डांवर रोखूनही सामना २७-१७ असा गेला, कारण स्टीलर्सच्या क्वार्टरबॅकने दोन चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले. बचाव चांगला आणि निकाल वाईट, ही डेट्रॉइटपासूनची जोडी इथेही सुटली नाही.

मुख्य प्रशिक्षक

१९९७ मध्ये ते सिनसिनाटीला परतले. २००० च्या हंगामात पहिले तिन्ही सामने हरल्यावर ब्रूस कॉस्लेट यांनी राजीनामा दिला आणि ६३ वर्षांचे लेबो प्रथमच मुख्य प्रशिक्षक झाले. मालक होते माइक ब्राउन, पॉल ब्राउन यांचे चिरंजीव. पहिला विजय २२ ऑक्टोबरला डेन्व्हरविरुद्ध आला आणि तो बचावाने नव्हे, तर कोरी डिलनने एका सामन्यात २७८ यार्ड धावून मिळवून दिला. क्वार्टरबॅकचे त्या दिवशी फक्त दोन पास पूर्ण झाले होते. पुढची कथा लांबवण्यात अर्थ नाही. २००१ मध्ये सहा विजय, २००२ मध्ये दोन, आणि एकूण हिशोब १२ विजय व ३३ पराभव.

या अपयशाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक असे की संघच दुबळा होता. भरवशाचा क्वार्टरबॅक नव्हता, खेळाडू हेरणारी यंत्रणा तोकडी होती आणि १९९१ पासून त्या संघाने प्लेऑफ पाहिलेच नव्हते. हे खरे आहे. तेवढ्यावर लेबो यांना सोडून देणे मात्र मला पटत नाही, कारण २००२ मध्ये बचावानेच साडेचारशेहून अधिक गुण दिले, आणि बचाव हा तर त्यांचा हातखंडा विषय. त्यांच्या जागी आलेले मार्व्हिन लुइस हे १९९२ ते १९९५ मध्ये पिट्सबर्गला त्यांचेच सहकारी होते, आणि तीनच वर्षांत, २००५ मध्ये, त्यांनी त्याच मालकाच्या हाताखाली प्लेऑफ गाठले. दुसरे स्पष्टीकरण स्वभावाचे आहे. समन्वयकाचे काम एका विषयाचे असते आणि ते शिकवण्याचे असते. मुख्य प्रशिक्षकाला क्वार्टरबॅक बदलायचा की नाही, कोणाला काढायचे, मालकाशी कशावर भांडायचे, हे रोज ठरवावे लागते. लेबो आवाज न चढवता शिकवण्यासाठी ओळखले जात. ज्या गुणावर समन्वयक म्हणून त्यांची ख्याती उभी होती, तोच गुण मोडकळीला आलेला संघ हाकताना पुरा पडला नाही, असे मला वाटते. एक वर्ष बफेलोला काढून २००४ मध्ये ते पुन्हा पिट्सबर्गला समन्वयक म्हणून आले. ६६ व्या वर्षी एक पायरी खाली उतरून काम स्वीकारणे अनेकांना जड गेले असते.

पिट्सबर्ग, दुसऱ्यांदा

पुढच्या ११ हंगामांत त्यांच्या रचनेचे सोने झाले. दिलेल्या यार्डांच्या हिशोबाने स्टीलर्सचा बचाव २००४, २००७, २००८, २०११ आणि २०१२ मध्ये लीगमध्ये पहिला होता. केसी हॅम्पटन, ॲरन स्मिथ आणि ब्रेट कायसल पुढे, जेम्स फॅरियर, जोई पोर्टर, जेम्स हॅरिसन आणि लामार वुडली मध्ये, ट्रॉय पोलामालू आणि आइक टेलर मागे. खेळाडू पुष्कळ वर्षे एकत्र राहिले आणि गुंतागुंतीची रचना त्यांच्या अंगात मुरली. नवख्या खेळाडूंना मात्र या बचावात पहिल्या वर्षी सहसा बाकावर बसावे लागे, हे तिचे दुसरे अंग. फेब्रुवारी २००६ मध्ये सीॲटलला २१-१० असे हरवून लेबो यांनी पहिली अंगठी मिळवली, तीही डेट्रॉइट शहरात. २०१० च्या सप्टेंबरमध्ये टॅम्पा बेविरुद्ध कायसलने एक पास झेलला आणि ७९ यार्ड धावून टचडाउन केला. लाइनमनने पास झेलावा आणि एवढे अंतर कापावे, हे आकृतीत पाहणे वेगळे आणि मैदानावर पाहणे वेगळे.

सगळ्यांत बोलके उदाहरण आहे १ फेब्रुवारी २००९ चे, टॅम्पातल्या सुपर बोलमधले. पूर्वार्ध संपायला १८ सेकंद बाकी होते. स्टीलर्स १०-७ असे पुढे होते आणि ॲरिझोना कार्डिनल्स गोलरेषेपासून एक-दोन यार्डांवर येऊन ठेपले होते. आदेश सरळ ब्लिट्झचा होता आणि हॅरिसनचे काम कर्ट वॉर्नरवर धावून जाण्याचे होते. हॅरिसनने हिशोब केला की वेळ इतका कमी आहे, तर चेंडू झटकन आतल्या बाजूला येणार. त्याने चढाईचा आविर्भाव आणला, एक पाऊल टाकले आणि मागे सरकला. वॉर्नरने आतल्या बाजूला वळणाऱ्या रिसिव्हरकडे फेकलेला चेंडू गोलरेषेवर थेट त्याच्या हातात आला. तिथून १०० यार्ड तो सहकाऱ्यांच्या आडोशाने, शेवटी अक्षरशः कोलमडत, धावला आणि सात गुण गमावण्याऐवजी स्टीलर्सने सात मिळवले. ही खेळी लेबो यांनी सांगितलेली नव्हती, हे खरे. पण धावून येणार असे वाटणाऱ्याने मागे सरकून झटपट पासाच्या वाटेत उभे राहायचे, ही त्यांच्याच रचनेची चाल हॅरिसनने आदेशाविना खेळली. रचना मुरते म्हणजे काय, याचा दाखला म्हणून मी हाच एक डाव दाखवीन. त्या सामन्याचा उत्तरार्ध मात्र बचावासाठी गौरवाचा नव्हता. चौथ्या भागात कार्डिनल्सने १६ गुण मिळवून आघाडीही घेतली आणि ३५ सेकंद राहिले असताना सांतोनियो होम्सच्या झेलाने स्टीलर्स २७-२३ असे वाचले.

भेगा

झोन ब्लिट्झचा पाया एका गृहीतकावर आहे. क्वार्टरबॅक गोंधळेल, निदान क्षणभर थबकेल, असे ती धरून चालते. न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी थबकत नसे. कोण मागे सरकतो आहे हे तो चेंडू हातात येण्यापूर्वीच ओळखे, पट्ट्यांच्या मधल्या जागा हेरी आणि चढाई पोहोचण्याआधी चेंडू सोडून देई. २००४ च्या हंगामातला कॉन्फरन्सचा, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाचा, अंतिम सामना स्टीलर्सने न्यू इंग्लंडसमोर ४१-२७ असा गमावला. पुढेही ही डोकेदुखी राहिली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यू इंग्लंडने ५५ गुण आणि ६१० यार्ड केले. स्टीलर्सच्या इतिहासात याहून जास्त गुण किंवा यार्ड तोवर कोणी केले नव्हते. फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोलमध्ये ॲरन रॉजर्सनेही ३१-२५ अशा विजयात तीन टचडाउन पास फेकून हेच दाखवले. विशेष म्हणजे त्या दिवशी समोरच्या पॅकर्सच्या बचावाचे समन्वयक डॉम केपर्स होते, म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच शाळेतला अभ्यासक्रम होता.

ब्रेडी आणि रॉजर्स यांच्याकडून हरण्यात नामुष्की नाही. अभ्यासकाला जास्त विचार करायला लावणारा पराभव ८ जानेवारी २०१२ चा आहे, कारण समोर टिम टीबो होता, ज्याच्या पासांवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. त्या वर्षी स्टीलर्सचा बचाव यार्ड आणि गुण या दोन्हींत लीगमध्ये पहिला होता. डेन्व्हर ब्रॉन्कोज धावण्याच्या खेळात पहिले होते, म्हणून लेबो यांनी जास्तीची माणसे पुढे आणून धाव बंद करण्याचे ठरवले. त्यातच सेफ्टी रायन क्लार्क खेळत नव्हता. त्याच्या रक्तातल्या सिकलसेलच्या गुणामुळे डेन्व्हरच्या उंचीवर खेळणे त्याच्यासाठी जिवावरचे होते. टीबोचे फक्त १० पास पूर्ण झाले, पण त्यांतून त्याने ३१६ यार्ड मिळवले. सामना २३-२३ असा बरोबरीत सुटून जादा वेळात गेला. पहिल्याच डावाला स्टीलर्सची जवळजवळ सगळी माणसे चेंडूच्या आसपास जमली होती आणि सेफ्टीसुद्धा पुढे सरकला होता. टोकाला आइक टेलर डेमेरियस थॉमससमोर एकटा. थॉमस आत वळला, चेंडू झेलला, टेलरला हाताने दूर सारले आणि ८० यार्ड धावत गेला. ११ सेकंदांत हंगाम संपला. कॉर्नरबॅकला एकटे सोडायचे नाही यासाठी अर्धे आयुष्य आकृत्या काढलेल्या प्रशिक्षकाने त्या दिवशी नेमके तेच केले होते. निर्णय चुकीचाच होता असे मी म्हणणार नाही, कारण धाव रोखण्यामागचे तर्कशास्त्र पक्के होते. सुरक्षित दबावातले सुरक्षितपण बाजूला ठेवल्यावर काय होते, ते मात्र त्या एका डावात दिसले.

हॉल ऑफ फेम

७ ऑगस्ट २०१० रोजी ओहायोतल्याच कँटनमध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, खेळणे थांबवल्यावर ३७ वर्षांनी. निवड ज्येष्ठ खेळाडूंच्या समितीमार्फत आणि खेळाडू म्हणून झाली. कागदोपत्री विचार झाला तो ६२ झेलांचा, झोन ब्लिट्झचा नव्हे. समन्वयकांना मोजण्याची सोय त्या संस्थेत नसल्याने हे घडले, हे उघड आहे. प्रशिक्षक म्हणून वाढत गेलेल्या नावामुळे जुन्या झेलांकडे पुन्हा लक्ष गेले असावे, असा तर्क करता येतो. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी सराव शिबिर थांबवून स्टीलर्सचा संघ समारंभाला आणला. त्याच दिवशी सन्मान झालेल्यांमध्ये जेरी राइस आणि एमिट स्मिथ होते. त्या दोघांच्या संघांनी लेबो यांच्या बचावाला सुपर बोलमध्ये हरवले होते.

जानेवारी २०१५ मध्ये, ७७ व्या वर्षी, ते पिट्सबर्गमधून बाहेर पडले आणि अनेक वर्षे लाइनबॅकरचे प्रशिक्षक असलेल्या कीथ बटलर यांच्याकडे काम गेले. महिन्याभरात टेनेसी टायटन्सने त्यांना बोलावून घेतले. तिथे तीन हंगाम गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत टायटन्स न्यू इंग्लंडकडून ३५-१४ असे हरले. समोर ४० वर्षांचा ब्रेडी होता, या बाजूला ८० वर्षांचे लेबो. काही दिवसांत टायटन्सने मुख्य प्रशिक्षक बदलला आणि ती जागा माइक व्ह्रेबल या जुन्या लाइनबॅकरला दिली. १९९७ मध्ये स्टीलर्सने व्ह्रेबलला निवडले तेव्हा लेबो नुकतेच तिथून सिनसिनाटीला गेले होते, त्यामुळे या दोघांची गाठ पिट्सबर्गला पडली नव्हती. टेनेसीतही ती पडली नाही. व्ह्रेबल यांनी बचावाची सूत्रे डीन पीस यांच्याकडे सोपवली.